साठ किलोमीटर, तीन तास

४ फेब्रुवारी

ति. मामांना नमस्कार.

माझं आयुष्य बदललं ते काल, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पेट्रोल पंपावरच्या तीन नंबरच्या मशीनपाशी. कसं ते सांगतो. पण आधी आईला कळवा की मी वेळेवर जेवतो.

तुम्ही शब्द टाकलात म्हणून मालकांनी ठेवून घेतलं. जुन्या महागड्या गाड्यांचं एवढं मोठं आवार मी आधी पाहिलं नव्हतं. तिसऱ्या वर्षात इंजिनिअरिंग सोडून पोरगा करतो काय असं कोणी विचारलं, तर 'टेस्टिंग' म्हणून सांगा. मालक मात्र गिऱ्हाइकांना "हा आमचा गाड्या फिरवणारा" अशी ओळख करून देतात. परवा ऐकवणारच होतो, पण पहिलाच आठवडा म्हणून गिळलं.

मालकांची एक पद्धत आहे. आवारात आलेल्या प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज ते आपल्या आपण काढतात. कंपनीचा आकडा त्यांना चालत नाही. गाडीच्या स्क्रीनवर दिसतो तोही चालत नाही. "गाडीनं स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा होय?" म्हणतात. टाकी काठोकाठ भरायची, शहराबाहेरच्या वळसा रस्त्यानं साठ किलोमीटरचा एक फेरा मारायचा, परत येऊन टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर पेट्रोल बसेल त्यानं साठला भागायचं. येईल तो आकडा मालक जाड पेननं पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहितात आणि गाडीच्या आरशाला टांगतात. वीस वर्षांत एकदा टांगलेलं कार्ड उतरलेलं नाही. गिऱ्हाईक इंजिन बघत नाही, कार्ड बघतं.

सध्या आमच्याकडे एका हौशी माणसाच्या चार गाड्या आल्यात. चारही एकाच मॉडेलच्या. मागे साहेबानं बसावं आणि पुढे त्याच्या वात्रट मुलानं, अशी ती गाडी. हा गृहस्थ दर चार वर्षांनी नवी घ्यायचा आणि जुनी विकायचा नाही. २००७, २०११, २०१५, २०१९. मालकांना चारही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून चार कार्डं टांगायची आहेत. सालागणिक ॲव्हरेज कसं चढत गेलं ते गिऱ्हाइकाला एका नजरेत दिसलं पाहिजे. चारही फेरे माझ्याकडे.

काल २००७ची काढली. पंपावर तीन नंबरला एक मुलगी आहे. तिनं नोझल टाकीत घातलं आणि म्हणाली, "झीरो बघून घ्या."

मी म्हटलं, "बघितला."

"मशीन त्या बाजूला आहे."

असो. पंप स्वच्छ आहे, हवा भरायची सोय आहे, समोर मोठं झाड आहे, सावली दाट आहे. तीन नंबरची रांग नीट सरकते. त्या मुलीचा युनिफॉर्म इतरांसारखाच निळा, पण तिला तो शोभतो. नोझल काढताना ती एकही थेंब सांडू देत नाही. फेरा मारून आलो तेव्हा तिथं गर्दी होती, म्हणून मोकळं होईपर्यंत थोडा थांबलो. आकडा आला लिटरला ८.४. मालक म्हणाले, जुनी आहे, चालायचंच.

तर अकरा दहाला त्या इंजिनाचा जो आवाज ऐकला, त्यानं मला कळलं की आपलं आयुष्य याच क्षेत्रात आहे. मोजमापात काही चुकत असलं तर लिहा. फोनवर तुम्ही काही बोलणार नाही, माहीत आहे.

तुमचा,
भाचा

---

९ फेब्रुवारी

चि. भडकूस आशीर्वाद.

फोनवर मी बोलत नाही, कारण कानावर पडलेलं मी पुरावा धरत नाही. तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, सवय आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गाडीवर तीन ओळी आहेत, पंपावर अर्धं पान. शिवाय पेट्रोल भरताना इंजिन बंद असतं. मग अकरा वाजून दहा मिनिटांनी आवाज कुठल्या इंजिनाचा ऐकलास? उत्तर नको. तुझ्या आईला मी फक्त जेवणाचं सांगितलं.

आता कामाचं. टाकी भरताना नोझल आपोआप बंद होतं, त्याला पंपावर कट म्हणतात. दोन्ही वेळा पहिल्या कटलाच थांब. 'अजून थोडं' करत बसू नकोस, त्यात अर्ध्या लिटरचा फरक पडतो. मशीन एकच ठेव. दोन मशीनमध्ये थोडं उन्नीसबीस असतंच, म्हणून चारही गाड्या तीन नंबरलाच भर. याचा तुला फार त्रास होणार नाही असं दिसतं.

आणि डोकं थंड ठेव. कॉलेजात सरांनी जर्नल फेकलं म्हणून तू टेबल उलटवलंस, ते एक झालं. यापुढे कोणाबद्दल काही म्हणायचं असेल तर तोंडानं नको, कागदावर म्हण. आणि म्हणायचं ते नेमकं म्हण. तारीख, वेळ, मशीन नंबर. मोघम तक्रार घेऊन माझ्या टेबलाशी आलेल्यांना मी परत पाठवायचो.

मामीनं तुला आठवण सांगितली आहे.

मामा

---

१३ फेब्रुवारी

ति. मामांना नमस्कार.

तुमच्या आज्ञेप्रमाणे सगळं केलं. २०११ची गाडी, तीन नंबर, पहिला कट. आकडा आला ८.६. म्हणजे चार वर्षं कंपनीच्या शेकडो इंजिनिअरांनी डोकं खाजवलं आणि वाढलं किती, तर दशांश दोन. कंपनी म्हणते पावणेबारा देते. शुद्ध फसवाफसवी आहे. मी तीन पानी पत्र लिहून ठेवलंय, सोबत नक्कल जोडतो. 'तुम्हाला लाज कशी वाटत नाही' हे वाक्य तीनदा आलंय, एक गाळू का?

फेरा मारून आलो तेव्हा एक आणि दोन नंबर मोकळे होते. तिसऱ्याला रांग होती. तुम्ही म्हणालात मशीन एकच, म्हणून झाडाखाली उभा राहिलो. मधे दोनदा तीन नंबर मोकळं झालं, पण ती मॅनेजरशी बोलत होती आणि तिथं दुसराच माणूस उभा होता. घाईनं मोजमाप बिघडतं. एसी होता म्हणून इस्त्रीचा शर्ट शाबूत राहिला.

आज ती आपणहून बोलली.

"दर वेळी नवी गाडी. चोरता की काय?"

"टेस्टिंग करतो."

"म्हणजे फिरवता."

मालकांचं आणि हिचं आधी बोलणं झालंय की काय, अशी मला शंका आली.

"शिकलात कुठं?"

"इंजिनिअरिंग. अडीच वर्षं."

"आणि उरलेलं दीड?"

"राहिलं."

"रागावून सोडलं असणार. कपाळावर लिहिलंय." मग टाकीचं झाकण फिरवत म्हणाली, "मी बाहेरून बी.कॉम. करते. दोन वर्षं नापास झाले, पण सोडलं नाही."

मामा, माझे कान गरम झाले, पण राग आला नाही. दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर मी गाडीतून उतरलो असतो. हे आईला सांगू नका, ती मला डॉक्टरकडे नेईल.

भाचा

---

१८ फेब्रुवारी

चि. भडकू,

कंपनीचं पत्र पोस्टात टाकू नकोस. तिन्ही लाजा गाळ, मग पत्रात काहीच उरणार नाही.

मला दोन गोष्टी कळव. झाडाखाली थांबलास तेव्हा इंजिन चालू होतं का? तू एसी म्हणालास म्हणून विचारतो. आणि तुझे मालक गाडीच्या स्क्रीनवरचं ॲव्हरेज मानत नसले तरी त्याच स्क्रीनवर त्या फेऱ्याचा सरासरी वेग दिसतो. प्रत्येक गाडीचा तो आकडा लिहून पाठव. गाडी उभी राहून इंजिन चालू असलं तरी स्क्रीनचं घड्याळ चालू राहतं.

तिसरी गाडी काढण्याआधी माझ्या उत्तराची वाट बघ.

मामा

---

२४ फेब्रुवारी

ति. मामांना,

तुमचं पत्र पोचलं तेव्हा तिसरी गाडी काढून झाली होती. आणि मोठा स्फोट झालाय. पण या वेळी मी डोकं थंड ठेवलं. तुम्हाला अभिमान वाटेल.

२०१५ची गाडी. आकडा ८.२. मामा, २००७ पेक्षाही कमी. आठ वर्षांनी नवीन गाडी आणि जुनीपेक्षा जास्त पिते. मी तिथंच दोनदा भागाकार केला.

त्या दिवशी फेरा मारून आलो तर ती जेवायला गेली होती. तिच्या जागी मिशीवाला एक गृहस्थ होता. म्हणजे मशीन तेच, पण हात दुसरा. तुम्ही हाताबद्दल काही लिहिलं नव्हतं, पण मी विचार केला की हात बदलला तर कट बदलू शकतो. शास्त्रात तडजोड नको म्हणून थांबलो. ती जेवून आली, मग मॅनेजरनं तिला ऑफिसात कसलेतरी फॉर्म भरायला बसवलं. अखेर आली.

"अजून इथंच? मघाशी गेले तेव्हापण इथंच होतात."

"रांग होती."

"रांगेत एकटेच होतात."

मग म्हणाली, शर्टाचा रंग चांगला आहे. गाडी आवारात कशी आणली ते मला आठवत नाही.

मालकांनी आकडा बघितला आणि खुर्चीतून उठले. "नवी गाडी जुनीपेक्षा जास्त पिते? इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं कधी झालं नाही. पेट्रोल जातंय कुठं? नळी घालून काढतोस का?"

मला. चोर.

टेबल समोरच होतं आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेला गेलेही होते. पण तुमचे शब्द आठवले. तोंडानं नको, कागदावर. खाली बसलो, मालकांच्या छापील नावाचा कागद ओढला आणि तक्रार लिहिली. पंप माप कमी देतो. नेमकी लिहिली. तिन्ही तारखा, तिन्ही वेळा, आणि तिन्ही वेळा मशीन नंबर तीन. खाली माझी सही. एक प्रत पंपाच्या मॅनेजरला, एक वजनमापे खात्याला. मालक वाचून म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं." पोस्टात मीच टाकली.

एकच गोष्ट मनात खुपते आहे, पण नेमकी कुठली ते सापडत नाही. आकड्यांच्या गडबडीत कार्डं मात्र तिन्ही टांगली गेली.

तुम्ही मागितलेले सरासरी वेग: २००७ ताशी ३८, २०११ ताशी २८, २०१५ ताशी २०. यांचा इथं काय संबंध ते कळलं नाही. इंजिन चालूच होतं, ऊन किती होतं.

भाचा

---

२७ फेब्रुवारी

भडकू,

साठ किलोमीटर, ताशी वीस. तीन तास झाले. पहिल्या फेऱ्याला एक तास पस्तीस मिनिटं लागली, त्यात तू 'थोडा' थांबलास ती पंधरा धरली, तर त्या रस्त्यावर गाडी चालवायला तुला एक तास वीस मिनिटं लागतात. मग तिसऱ्या फेऱ्यात एक तास चाळीस मिनिटं तू झाडाखाली इंजिन आणि एसी चालू ठेवून बसला होतास. दुसऱ्यात पन्नास मिनिटं. पहिल्यात पंधरा. एवढं मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दीड लिटर तरी पितं. गाडी जितकी नवी, तितका तुझा मुक्काम जास्त. तुझ्या कार्डांवर गाड्यांचं ॲव्हरेज नाही, तुझं आहे.

पंपाचं माप बरोबर आहे. कंपनीचंही बहुधा बरोबर आहे.

आता एकच प्रश्न. तीन नंबरच्या मशीनवर कोण उभं असतं?

मामा

---

५ मार्च

मामा,

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं. मनात खुपत होतं ते हेच. मशीन नंबर तीन असं मी माझ्या हातानं तीन वेळा लिहिलं, आणि ती तिथं उभी असते हे माझ्या लक्षात आलं नाही. रोज जिच्यासाठी शर्टाला इस्त्री करतो तिच्याविरुद्ध अर्ज केला, आणि तोही तुम्ही शिकवल्याप्रमाणे नेमका.

धावत पंपावर गेलो. तीन नंबरवर 'बंद आहे' अशी पाटी आणि दोरी. ती कोपऱ्यात टायरात हवा भरत होती. हवेला कोणी पैसे देत नाही, म्हणून तिथं कोणावर संशय नाही.

मी पायीच गेलो होतो. ती म्हणाली, "आज गाडी नाही? मग हवा कशात भरू?"

मी म्हटलं, "काय झालं?"

"कोणीतरी तक्रार केली. म्हणे मी माप मारते. मॅनेजर म्हणतात निरीक्षक महिन्याच्या शेवटी येईल, तोवर पंपाची बदनामी नको. पुढच्या शनिवारपर्यंत तक्रार मागे घेतल्याची चिठ्ठी आली नाही तर दुसरीकडे बघ." मग हवेची नळी गुंडाळत म्हणाली, "अर्ज दाखवला मला, वरचं छापील नाव दुमडून. वेळ मिनिटासकट लिहिली होती. असा माणूस घरी काय करत असेल हो?"

"शिकलेला असेल."

"निम्मा शिकलेला. पूर्ण शिकलेला असता तर आधी विचारायला आला असता. सहीचं नाव नीट लागत नव्हतं, नुसती रेघोटी."

मामा, माझी सही वाचता येत नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना न विचारता २०१९ची गाडी काढली. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर, जिथं सगळ्या मशीनवर बाप्ये आहेत. पोचल्याबरोबर इंजिन बंद, पहिला कट. आकडा १३.६. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता एक विचारतो. वजनमापे खात्यात तुमच्या हाताखालचे लोक अजून असतील. एक शब्द टाकाल का, की निरीक्षक उद्याच पाठवा? किंवा मी मालकांना सांगू का, की २०१५च्या गाडीची पेट्रोलची नळी गळत होती, मी दुरुस्त केली? कोणाचं काही जाणार नाही. तिला कळायची गरज नाही. शनिवारला नऊ दिवस आहेत.

भाचा

---

९ मार्च

चि. भडकू,

शब्द टाकणार नाही. नोकरीत असताना टाकला नाही, आता कशाला टाकू? आणि गळती सांगितलीस तर मालक ती नळी बघायला वाकतील. मग तुला आधी नळी फोडावी लागेल. मग फोडल्याचं कारण शोधावं लागेल. मी असे बरेच लोक बघितलेत. माप मारणारा पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅम मारतो आणि नंतर ते झाकायला अख्खं दुकान हलवतो.

कागदावर केलेली चूक कागदावरच काढायची. तू अर्ज केलास, तूच चिठ्ठी दे. मिनिटांसकट. ते तुला जमतं.

आणि त्या मुलीला चिठ्ठीआधी तोंडानं सांग. इथं तोंडच पाहिजे.

आता एक गोष्ट लिहितो, ती तुझ्या आईला माहीत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बाजारातल्या एका दुकानाचा तराजू मी एका महिन्यात सात वेळा तपासला. तराजू अगदी बरोबर होता. दुकानदारानं माझ्या वरिष्ठांकडे तक्रार केली, की निरीक्षक त्रास देतो, काहीतरी हवंय याला. साहेबांनी बोलावून विचारलं, सात वेळा का? मी खरं सांगितलं. गल्ल्यावर दुकानदाराची पुतणी बसायची. साहेब हसले नाहीत, त्यांनी माझी बदली केली. ती पुतणी आत्ता माझ्या मागे उभी राहून हे वाचते आहे आणि म्हणते की सात नाही, नऊ वेळा.

बदली झाली, दोन वर्षं लांब काढली, हे मुद्दाम लिहितो. खरं सांगितल्यावर लगेच सगळं छान होतं, असं तुला वाटायला नको.

मामा

---

१४ मार्च

ति. मामा आणि मामी यांना नमस्कार. नमस्कार आधीच करून ठेवतो, पुढे लिहिताना विसरेन. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुमचं पत्र आल्यावर तीन दिवस तीन फेरे मारले. दुसऱ्या टोकाचा पंप, पोचल्यावर इंजिन बंद, काचा वर, पहिला कट. २००७ देते ९, २०११ देते साडेदहा, २०१५ देते १२. चौथीचा १३.६ आधीच होता. कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बघत बसलो. गाडी कुठंच चुकलेली नाही. दर चार वर्षांनी ती थोडी शहाणी होत गेली आहे. तेवढ्या काळात मी काय झालो, ते तुम्हाला माहीत आहे.

काल शुक्रवारी सकाळी पंपावर गेलो. ती एका स्कूटरच्या चाकात हवा भरत होती. स्कूटर जाईपर्यंत थांबलो आणि म्हटलं, "ती रेघोटी माझी आहे."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. नळी तिच्या हातात फुसफुसत राहिली. मी सगळं सांगितलं. पंधरा मिनिटं, पन्नास मिनिटं, एक तास चाळीस मिनिटं. तासाला दीड लिटर. चोर म्हटल्यावर डोकं कसं फिरलं तेही. मामा, मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता येतं.

नळी बंद करून म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे माझ्यावर आळ आला."

"माझ्यामुळे."

"एक तास चाळीस मिनिटं गाडीत बसलात. दार उघडून वीस पावलं चालायला काय झालं होतं?"

"येऊन बोलणार काय?"

"हवा बघा म्हणायचं. फुकट असते." मग नळी खुंटीला अडकवत, "मी घरी अजून सांगितलेलं नाही. रोज निळे कपडे घालून निघते आणि इथं येऊन हवा भरते. वडील विचारतात, आज किती गाड्या झाल्या. काहीतरी आकडा सांगते."

मी म्हटलं, "उद्या चिठ्ठी आणतो."

"आणा. मग बाकीचं बघू. चिठ्ठी न आणता आलात तर तोंड बघणार नाही." आणि पुढच्या गाडीकडे गेली.

मामी, 'बाकीचं' म्हणजे काय, ते तुम्ही मला कळवा. मामांना विचारून उपयोग नाही.

चिठ्ठी रात्रीच साध्या कागदावर लिहिली. 'तीन नंबरच्या मशीनचं माप बरोबर आहे. मोजणाऱ्यानं गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं, म्हणून आकडे चुकले. तक्रार मागे घेतो.' खाली मिनिटं. सही या वेळी वाचता येईल अशी केली, जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या पोरासारखी.

आज शनिवार. पंपावर जाण्याआधी मालकांना सांगणं भाग होतं, कारण चूक त्यांच्या कार्डांवर टांगलेली आहे. त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये गेलो आणि खरे आकडे आणि चिठ्ठी, दोन्ही पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं.

"हे काय?"

"खरे आकडे."

"आणि बाहेर टांगलेत ते?"

"ते मी झाडाखाली बसलो होतो त्याचे."

मालकांनी चष्मा काढला. मला वाटलं आता फुटणार. पण ते हळू आवाजात बोलले. तो आवाज जास्त वाईट होता. "वीस वर्षांत माझं कार्ड उतरलं नाही. लोक गावाहून येतात, कंपनीवर विश्वास ठेवत नाहीत, माझ्या पुठ्ठ्यावर ठेवतात. ही चिठ्ठी पंपावर गेली की उद्या गावभर होईल, की कार्डावर काहीही लिहितात."

"तुम्ही नाही लिहिलंत. मी मोजलं."

"अक्षर माझं आहे." त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "ऐक. निरीक्षक महिन्याच्या शेवटी येईल, मशीन बरोबर निघेल, विषय आपोआप मिटेल. तोवर मी कार्डं गुपचूप बदलून टाकतो. तू पंधरा दिवस गप्प बस. पोरगा कामाचा आहेस, तीन फेरे परत मारलेस, मला आवडलं. पगार वाढवतो."

मामा, खरं लिहितो, क्षणभर मोह झाला. पगाराचा नाही. 'पोरगा कामाचा आहेस' याचा. ते मला आजवर तुमच्याशिवाय कोणी म्हटलेलं नाही, आणि तुम्हीसुद्धा एकदाच, तेही सायकलचं पंक्चर काढल्यावर.

म्हटलं, "आज शनिवार आहे. तिची नोकरी आज जाईल."

"तिला दुसरी मिळेल. पंप काय एकच आहे?"

"मग मलाही दुसरी मिळेल."

हे तोंडातून निघालं तेव्हा मीच दचकलो. रागानं निघालं नव्हतं. मालकही दचकले. ते म्हणाले, "ही चिठ्ठी घेऊन या दारातून बाहेर पडलास, तर परत आत यायचं नाही. तुझ्या मामाला काय सांगू?"

"मामांना मी लिहीन. कार्डं तुमची आहेत, बदला नाहीतर राहू द्या. खरे आकडे टेबलावर ठेवलेत."

चारही गाड्यांच्या किल्ल्या खिशात होत्या. सालाप्रमाणे, जुनी आधी, खिळ्यांना लावल्या. मालक म्हणाले, "२०१९ची डावीकडे." मी ती डावीकडे लावली. मग ते म्हणाले, "पगार महिनाअखेर घेऊन जा, हिशेब चुकवत नाही मी." मी बरं म्हटलं. त्यांनी माझा आकड्यांचा कागद उलटा करून पेपरवेटखाली ठेवला. फाडला नाही, तेवढं मी पाहिलं.

कॉलेज सोडताना प्रयोगशाळेचं दार मी असं आपटलं होतं, की वरच्या मजल्यावरचे सर खाली धावत आले होते. आजही हात तसाच दाराकडे गेला. पण केबिनच्या दाराला वर ते सावकाश मिटवणारा दाबाचा दांडा लावलेला आहे, ते आपटतच नाही. मी जोर लावला तसं ते आणखी सावकाश यायला लागलं. आतून मालक बघत होते, बाहेरून मी ढकलत होतो, आणि दोघांच्या मधे ती काच. मालकांनी आतून हातानं खूण केली, की थोडं उचलून लाव. मी कडी धरून दार थोडं उचललं, चिठ्ठी शर्टाच्या खिशात नीट खोचली, दार लावून घेतलं, आणि पायी पंपाची वाट धरली.